मिरर केलेल्या डिस्कमधल्या रीड एरर आणि टाइमआउट: नवख्यांसाठी पायरीपायरीने

घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क मिरर करून (दोन्हींवर तोच डेटा लिहिला जाईल अशा) ठेवल्या की बहुतेकजण निश्चिंत होतात. एक गेली तरी दुसरी आहेच! मग एक दिवस मेल येते की अॅरे, म्हणजे ही डिस्कची जोडी, ‘डीग्रेडेड’ झाला, एक डिस्क बाहेर पडली. डिस्क काढून तपासली तर ती धडधाकट चालते. परत जोडली, रीबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून पुन्हा पूर्ण प्रत उतरवणं) सुरू केलं, आणि अर्ध्या वाटेवर दुसरी डिस्क बाहेर फेकली गेली. आता दोन्ही डिस्क जिवंत आहेत आणि अॅरे मात्र मेलेला.

या प्रकारात पुष्कळदा दोष डिस्कचा कमी आणि वेळेच्या दोन आकड्यांचा जास्त असतो. ते दोन आकडे जुळवणं हेच या लेखातलं मुख्य काम. बाकीच्या पायऱ्या त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या आहेत.

मी लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क मिळून एक म्हणून वापरायची सोय), म्हणजे एमडी आणि त्याचं एमडीएडीएम हे साधन, धरून लिहितो आहे. सिनॉलॉजी आणि क्यूनॅपच्या बऱ्याच नॅस पेट्यांच्या (नेटवर्कवर जोडून फाइली साठवायच्या पेट्यांच्या) पोटातही एमडीच असतो, त्यामुळे त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या, आणि रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवायच्या.

आधी, बिघडतं काय?

डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा छोटा कप्पा, नीट वाचता येईनासा होतो. हे सगळ्याच डिस्कना कधी ना कधी होतं. डेस्कटॉपसाठीच्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारा सेक्टर, असं लिहिलेलं असतं. हिशेब केला तर ते १२.५ टीबी होतात. ही वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क सहसा याहून खूप बरी वागते. पण ‘कधीच नाही’ असं कोणताही कारखाना लिहून देत नाही.

असा सेक्टर भेटला की साधी डेस्कटॉप डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. हेड किंचित हलवते, परत फिरून येते, परत वाचते. यात दोन-तीन मिनिटंही जाऊ शकतात. डिस्क एकटीच असेल तर हा हट्ट योग्यच आहे, कारण त्या डेटाची दुसरी प्रत तिला ठाऊक नाही.

इकडे लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) मात्र प्रत्येक आज्ञेसाठी ३० सेकंदच थांबतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर तो डिस्क अडकली असं समजून लिंक (डिस्कची जोडणी) रिसेट करतो. बाहेरच्याने अर्धा मिनिट दार ठोठावून घरात कुणी नाही असं ठरवायचं आणि आतले आजोबा अजून चष्माच शोधताहेत, तशातली ही गत. डिस्क आपल्या कामात इतकी गुंतलेली असते की रिसेटलाही उत्तर देत नाही. मग कर्नल तिला ऑफलाइन करून टाकतो.

आणि मिररचा सगळा फायदा इथेच वाया जातो. डिस्कने वेळेत ‘हा सेक्टर वाचता येत नाही’ एवढं जरी सांगितलं असतं तरी एमडीने काय केलं असतं पाहा: तोच डेटा दुसऱ्या डिस्कवरून वाचला असता, तुम्हाला दिला असता, आणि पहिल्या डिस्कच्या त्याच जागी पुन्हा लिहिला असता. लिहिताना डिस्क एकतर तो सेक्टर दुरुस्त करते, नाहीतर राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या नावे लावून टाकते. तुम्हाला कळलंही नसतं. पण डिस्क गप्प बसली तर एमडीचं ते लिहिणंही फसतं, आणि रीड एररला माफ करणारा एमडी राइट एररला सहसा माफ करत नाही. डिस्क ‘फॉल्टी’ ठरून बाहेर.

एका सेक्टरपायी अख्खी डिस्क गेली. मग रीबिल्डमध्ये उरलेल्या डिस्कचा शेवटपर्यंत सगळा भाग वाचावा लागतो. वर्षानुवर्षं कुणी न वाचलेल्या फोटोंच्या फोल्डरमध्ये तिच्यावरही एखादा खराब सेक्टर दबा धरून बसलेला असतो, आणि तेच नाटक दुसऱ्यांदा घडतं.

पायरी १: हात लावण्याआधी लिहून घ्या

अॅरे डीग्रेडेड दिसला की लगेच ‘परत जोड’ची आज्ञा द्यायची नाही. आधी ही माहिती एका फाइलमध्ये साठवा, आणि ती फाइल त्याच अॅरेवर ठेवू नका:

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट
एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०
एमडीएडीएम --एक्झामिन /डेव्ह/एसडीए१ (एमडी० म्हणजे अॅरे, एसडीए१ म्हणजे त्यातल्या एका डिस्कचं पार्टिशन; प्रत्येक सदस्य पार्टिशनसाठी हेच)

एमडीस्टॅटमध्ये दोन यू शेजारी शेजारी दिसले तर दोन्ही डिस्क जागेवर आहेत. एका यूच्या जागी खालची रेघ असेल तर ती डिस्क बाहेर आहे. एक्झामिनमधला ‘इव्हेंट्स’चा आकडा जपून ठेवा. ज्या डिस्कचा आकडा मागे राहिला ती आधी बाहेर पडली, म्हणजे तिच्यावरचा डेटा जुना आहे. पुढे गोंधळ झालाच तर कोणती प्रत ताजी हे ठरवायला हाच आधार असतो.

प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबरही टिपा. तो ‘स्मार्टसीटीएल -आय /डेव्ह/एसडीए’ने मिळतो. रिसेटनंतर एसडीए म्हणून ओळखली जाणारी डिस्क एसडीई बनून परत येऊ शकते, त्यामुळे अक्षरावर भरवसा ठेवून स्क्रू उघडू नका. कॅबिनेटच्या बाहेरून दिसेल अशी सीरियल नंबराची चिठ्ठी प्रत्येक डिस्कवर चिकटवून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. चुकून चांगली डिस्क उपटण्याचा प्रकार त्याने टळतो.

आणि बॅकअप नसेल तर आत्ता घ्या. अॅरे डीग्रेडेड असला तरी चालू आहे ना? मग सगळ्यात महत्त्वाची फोल्डरं आधी बाहेर काढा, दुरुस्ती नंतर.

पायरी २: लॉग वाचा, म्हणजे चोर कोण ते कळेल

‘डीएमईएसजी’ किंवा ‘जर्नलसीटीएल -के’ चालवा आणि डिस्क बाहेर पडली त्या वेळेच्या आसपासच्या ओळी पाहा. साधारण तीन नमुने भेटतात.

पहिला: ‘यूएनसी’, ‘मीडियम एरर’, ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ आणि सोबत सेक्टरचा क्रमांक. इथे डिस्कने प्रामाणिकपणे सांगितलं आहे की वाचता आलं नाही. त्यानंतर एमडीची ‘रीड एरर करेक्टेड’ अशी ओळ असेल तर मिररने आपलं काम केलं. घाबरायचं कारण नाही, नोंद मात्र ठेवायची.

दुसरा: ‘फ्रोझन’, ‘टाइमआउट’, मग ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, कधी ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड’. सेक्टरचा पत्ता नाही, नुसती शांतता आणि रिसेट. वर सांगितलेलं वेळेचं भांडण ते हेच.

तिसरा: ओळींमध्ये ‘आयसीआरसी’ किंवा ‘बॅडसीआरसी’ दिसतं, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याची खूण. हा बहुतेक वेळा केबलचा किंवा पोर्टचा दोष असतो, डिस्कच्या तबकडीचा नव्हे. महागाची नवी डिस्क मागवण्याआधी स्वस्तातली साटा केबल (डिस्कची डेटा केबल) बदलून बघा. पॉवरचा कनेक्टरही हलवून पाहा. एका मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या पॉवर कनेक्टरवरून) दोन साटा काढणारी स्वस्त जोडणी हा मला कायम संशयित वाटणारा भाग आहे.

पायरी ३: स्मार्टचे आकडे

स्मार्टसीटीएल -एक्स /डेव्ह/एसडीए

स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. तिची खूप लांब यादी येते. नवख्याने पाचच ओळी बघाव्यात. क्रमांक ५ म्हणजे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचे बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले म्हणून नोंदवलेले. १८७ म्हणजे कॉम्प्युटरला कळवलेल्या, दुरुस्त न झालेल्या चुका. आणि १९९ म्हणजे केबलवरच्या सीआरसी चुका. सगळ्या कंपन्या सगळे क्रमांक देत नाहीत, तेव्हा एखादी ओळ नसली तर गोंधळू नका.

सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ च्या ओळीत कोट्यवधींचा कच्चा आकडा दिसतो आणि लोक हादरतात. त्या आकड्यात एकूण किती वाचन झालं तेही मिसळलेलं असतं, त्यामुळे तो मोठाच दिसणार. सोडून द्या.

एकदाच घेतलेल्या आकड्यापेक्षा तो वाढतोय का हे महत्त्वाचं. क्रमांक ५ वर ८ आहे आणि सहा महिने ८ च आहे, तर मी ती डिस्क चालू ठेवेन. गेल्या रविवारी ८, या रविवारी ४०, तर नवी डिस्क आजच मागवेन. १९९ चा आकडा कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो आहे तिथे थांबला की काम झालं.

यूएसबीच्या पेटीतली डिस्क असेल तर स्मार्टची माहिती मिळायला पुष्कळदा आज्ञेत ‘-डी सॅट’ घालावं लागतं, आणि काही पेट्या तेवढ्यानेही काही सांगत नाहीत. अशा पेट्यांवर मिरर उभारू नये असं माझं मत आहे.

पायरी ४: दोन घड्याळं जुळवा

नियम एका ओळीचा आहे. कर्नलचा धीर सुटण्याआधी डिस्कने हार मानली पाहिजे.

डिस्कने किती वेळ झगडायचं हे ठरवणाऱ्या सोयीचं प्रमाणित नाव एससीटी ईआरसी. वेस्टर्न डिजिटल तिला टीएलईआर म्हणते, सॅमसंग आणि हिताची सीसीटीएल म्हणत असत. तुमच्या डिस्कची स्थिती अशी बघा:

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी /डेव्ह/एसडीए

तीनपैकी एक उत्तर येईल. ‘७० (७.० सेकंद)’ असं आलं तर छान, नॅससाठी विकल्या जाणाऱ्या डिस्क सहसा अशाच येतात. ‘डिसेबल्ड’ आलं तर सोय आहे पण बंद आहे. ‘नॉट सपोर्टेड’ आलं तर सोयच नाही.

बंद असेल तर चालू करा:

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीए

पहिला ७० वाचनासाठी, दुसरा लिहिण्यासाठी. एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणून ७० म्हणजे ७ सेकंद. ७ सेकंदांत डिस्क हात वर करते, कर्नलचे ३० सेकंद अजून शिल्लक असतात, एमडी दुसऱ्या डिस्ककडे वळतो. झालं.

सोयच नसेल तर उलट बाजूने जायचं. कर्नललाच जास्त थांबायला सांगायचं:

इको १८० > /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट

आता कर्नल ३ मिनिटं थांबेल. डिस्क तोवर काहीतरी उत्तर देईलच. याची किंमत अशी की खराब सेक्टर भेटला की तेवढा वेळ सगळं गोठल्यासारखं वाटेल. घरच्या फोटोंसाठी चालतं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना बिलिंगच्या मशीनवर चालणार नाही. तिथे ईआरसी असलेल्याच डिस्क घ्या.

दोन्ही डिस्कसाठी हे वेगवेगळं करायचं आहे, हे विसरू नका. मिररमधली एक नॅसची आणि एक जुन्या डेस्कटॉपमधून काढलेली असेल, तर एकीला ७०, दुसरीला १८० असंही होऊ शकतं.

पायरी ५: वीज गेली की सगळं पुसलं जातं

या पायरीवर लोक हमखास घसरतात. ईआरसीची किंमत डिस्कची वीज जाईपर्यंतच टिकते. कर्नलचा टाइमआउटही रीबूटनंतर पुन्हा ३० वर येतो. जिथे दिवसाआड लोडशेडिंग आहे आणि यूपीएसची बॅटरी दोन पावसाळे जुनी आहे, तिथे हाताने एकदा दिलेली आज्ञा आठवडाभरही टिकणार नाही. मशीन सस्पेंडमधून उठल्यावरही डिस्कची सेटिंग गेलेली असू शकते.

सोपा उपाय म्हणजे स्मार्टडी ही पार्श्वभूमीत चालून डिस्कवर लक्ष ठेवणारी सेवा. तिच्या कॉन्फ फाइलमध्ये प्रत्येक डिस्कच्या ओळीत ‘-एल एससीटीईआरसी,७०,७०’ लिहिलं की सेवा सुरू होताना ती सेटिंग लावते. त्याच ओळीत ‘-एम’ देऊन मेलचा पत्ता दिला तर डिस्क आजारी पडल्याची खबरही मिळते. डिस्कचं नाव देताना ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ खालचं लांबलचक नाव द्या, एसडीए नको.

ईआरसी नसलेल्या डिस्कसाठी रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (आपोआप चालवायच्या आज्ञांच्या यादीत) ‘@रीबूट’ची ओळ घालून १८० वाली आज्ञा चालवता येते. यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या सेवेचा) नियम लिहिणं जास्त नीटनेटकं, कारण डिस्क मधेच काढून जोडली तरी तो लागू होतो, पण सुरुवातीला क्रॉन पुरे. नंतर मशीन पूर्ण बंद करून, पाचदहा सेकंद थांबून चालू करा, आणि पायरी ४ मधली तपासणीची आज्ञा पुन्हा चालवून बघा. नुसत्या रीबूटमध्ये डिस्कची वीज जात नाही, त्यामुळे ती परीक्षा अपुरी.

पायरी ६: महिन्यातून एकदा सगळं वाचून काढा

इको चेक > /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_अॅक्शन

याला स्क्रब म्हणतात. एमडी दोन्ही डिस्क पूर्ण वाचतो. कुठे रीड एरर आली तर दुसऱ्या डिस्कवरून आणून तिथे लिहितो. दबा धरून बसलेले सेक्टर दोन्ही डिस्क हजर असतानाच सापडतात, हा सगळा मुद्दा. ४ टीबीच्या डिस्कला सेकंदाला सरासरी १५० एमबी धरले तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात, म्हणून रात्री सोडा. डेबियनमध्ये एमडीएडीएमच्या पॅकेजबरोबर हे काम दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालायची व्यवस्था येते. ती कुणी ‘मशीन हळू चालतंय’ म्हणून बंद केलेली नाही ना, एवढं बघा. सिनॉलॉजीत याचं नाव डेटा स्क्रबिंग, आणि त्याचं वेळापत्रक तुम्हाला लावावं लागतं.

पण पायरी ४ झाल्याशिवाय स्क्रब सुरू करू नका. घड्याळं जुळलेली नसताना स्क्रब म्हणजे खराब सेक्टर शोधून त्यावर डिस्क घालवण्याचा कार्यक्रम.

स्क्रब झाल्यावर ‘मिसमॅच_सीएनटी’ नावाच्या फाइलमध्ये एक आकडा दिसतो. दोन्ही प्रती वाचता आल्या पण सारख्या नव्हत्या, असा त्याचा अर्थ. मिररवर स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) असेल तर तो शून्य नसणं नेहमीचं आहे. इतर ठिकाणी मोठा आकडा दिसला तर ‘रिपेअर’ची आज्ञा झटकन देऊ नका. दोनपैकी कोणती प्रत खरी हे एमडीला कळत नाही. तो एक प्रत दुसरीवर उतरवतो, बस. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकची चेकसम (डेटा बदलला का ते पडताळायचा आकडा) ठेवतात, त्यामुळे त्यांना खरी प्रत ओळखता येते. नवीन मांडणी करणार असाल तर मी त्यांच्याच बाजूने आहे. ३० सेकंदांची भानगड मात्र त्यांनाही चुकत नाही, कारण ती खालच्या थरातली आहे.

पायरी ७: डिस्क बदलायची ठरली तर

आजारी डिस्क काढून मग नवी लावणं ही सवय सोडा. आजारी डिस्कचा बहुतेक सगळा भाग अजून वाचता येतो, आणि दुसऱ्या डिस्कवर नेमका वेगळाच सेक्टर खराब निघाला तर तिचा उपयोग होतो. एक रिकामं साटा पोर्ट असेल तर नवी डिस्क तिसरी म्हणून जोडा, जुन्याइतकंच पार्टिशन करा (एकही सेक्टर लहान नको), आणि:

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --अॅड /डेव्ह/एसडीसी१
एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --रिप्लेस /डेव्ह/एसडीए१ --विथ /डेव्ह/एसडीसी१

नवी प्रत पूर्ण झाल्यावरच जुनी बाहेर पडते. याच मिररवरून मशीन सुरू होत असेल तर नव्या डिस्कवर ग्रबही (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) टाका.

नवी डिस्क घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, ईआरसी आहे का. दुसरी, ती एसएमआर पद्धतीची तर नाही ना. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. सलग तासन्‌तास लिहायला लावलं, जसं रीबिल्डमध्ये होतं, की आतली आवराआवर करायला डिस्क मधेच लांब थांबते, आणि पुन्हा टाइमआउट. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (इंग्रजीतला लाल रंग, वरचा रेड नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. त्यानंतर सीएमआरवाल्या (ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या) डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या गेल्या. दुकानदाराच्या ‘सर, नॅसचीच आहे’वर थांबू नका, मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत पाहून घ्या.

पायरी ८: एकच डिस्क उरली आहे आणि तिच्यावरही खराब सेक्टर आहेत

आता वरचा नियम उलटतो. दुसरी प्रत नाही, त्यामुळे डिस्कने जमेल तितका हट्ट धरलेला बरा. ईआरसी बंद करा (७०,७० च्या जागी ०,०) आणि कर्नलचा टाइमआउट १८० वर न्या.

रीबिल्ड पुन्हा पुन्हा सुरू करू नका. आणि इंटरनेटवर कुणीतरी सुचवलेली ‘एमडीएडीएम --क्रिएट’ तर नकोच. डिस्कचा क्रम किंवा डेटा कुठून सुरू होतो ते चुकलं तर वाचणारा डेटाही जातो.

अॅरे थांबवा, तितकीच किंवा मोठी नवी डिस्क जोडा, आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने आजारी डिस्कची प्रत काढा. तिला मॅप फाइल द्यायला विसरू नका. कुठवर वाचलं, काय राहिलं याची नोंद त्यात होते, त्यामुळे मधेच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत ती सोपा भाग भराभर उचलते आणि अडलेल्या जागांशी नंतर झगडते. आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवी; एंटर दाबण्याआधी दोन्हींचे सीरियल नंबर चिठ्ठीशी ताडून बघा.

प्रत झाली की जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, नव्या प्रतीवरून ‘एमडीएडीएम --असेंबल --रन’ करून अॅरे उभा करा आणि आधी फक्त वाचण्यापुरता माउंट करा. मॅप फाइलमध्ये राहिलेले काही सेक्टर दिसतील. ते कुणाच्या तरी फोटोत असतील किंवा रिकाम्या जागेत. फाइल सिस्टीमची तपासणी करा, फाइली उघडून बघा, आणि सगळं हाती लागल्याची खात्री होईपर्यंत, पायरी १ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या डिस्कलाही हात लावू नका. तिच्यावर थोडा जुना का होईना, पण त्याच फाइलींचा दुसरा संच आहे.